ओट्याच्या उंचीची गाडी

नवरात्र संपत आलं की आमच्या भागातले रस्ते मला नकोसे होतात. पावसाने खाल्लेलं डांबर, खड्ड्यांत घाईघाईने ओतलेली खडी, तिच्यावरून दिवसभर उडणारी धूळ, आणि त्या धुळीत शोरूमबाहेर रांगेने उभ्या केलेल्या नव्याकोऱ्या मोटरसायकली. प्रत्येकीच्या हँडलला झेंडूचा हार. एखादी बाई नव्या टायरखाली लिंबू ठेवते, नवरा हळूच क्लच सोडतो, लिंबू चिरडतं, सगळे टाळ्या वाजवतात. हे लोक इतके खूश कसे, हे मला कळत नाही. गाडी निवडताना यांच्या घरात भांडणं झाली नसतील का?

परवा भाचा आला. कुठल्याशा सायबर कॅफेतून छापून आणलेल्या कागदांची चळत त्याने माझ्यासमोर ठेवली. उंच, सडपातळ, चिखलात उड्या मारणाऱ्या परदेशी मोटरसायकली. म्हणाला, "मामा, हलकी पाहिजे, पण लांबच्या प्रवासाला दमदार पाहिजे. फार मोठी नको, फार छोटी नको. तुम्ही सांगा."

"सीटची उंची किती?" मी विचारलं.

"सीटची उंची कोण बघतं, मामा?"

मी कागद परत केले आणि "घे कुठलीही" असं अशा सुरात म्हणालो की तो चहा न घेताच गेला. बायकोने त्याचा कप माझ्यासमोर आपटला. पण तिला तरी काय सांगणार? ती या घरात यायच्या आधीचा तो ऑक्टोबर.

वसईकडे, निर्मळच्या बाजूला आमची वाडी. केळी, पानवेली, थोडी भाजी, आणि दसऱ्यासाठी मुद्दाम लावलेला झेंडू. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता. ऊन कातडीला चावत होतं, पण वाडीत शिरलं की केळीच्या फाटक्या पानांखाली अजून श्रावण असल्यासारखं ओलं लागायचं. बावखल, म्हणजे वाडीतलं आमचं तळं, काठोकाठ भरलेलं. त्यावर चतुरांचे थवे. आणि ओट्यावर झेंडूचा ढीग. पहाटे खुडून आणलेली फुलं तिथे ओतायची, निवडायची, जुन्या धोतराच्या फडक्यात गाठोडी बांधायची, दादरच्या बाजाराला लावून द्यायची. त्या आठवड्यात घरातली आणि शेजारची सगळी माणसं ओट्यावरच असायची. हात कामात आणि तोंडं मोकळी. झेंडूच्या त्या कडवट वासात मी माझी गाडी निवडायला बसलो, ही माझी पहिली चूक.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाबा चौथीनंतर वाडीत उतरले, आईला सही येते. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी काय काय केलं हे मी जाणतो. म्हणून ते रागावू नयेत असं मला नेहमी वाटत आलंय. पण शिकलेल्या मुलावर आईबापांचा जो विश्वास असतो, त्याची एक तऱ्हा असते. बाबा म्हणायचे, "शिकलेला तू. तुझं तूच ठरव." आणि मग, गाठोड्याची गाठ दातांनी ओढून, "फक्त मागे करंड्या बसल्या पाहिजेत."

करंड्यांसाठी मला गाडी नको होती. मला ती आईसाठी हवी होती.

आईला गाडी लागते. एसटीत बसली की पहिल्या थांब्याच्या आत तिचा चेहरा पांढरा पडतो. आलेपाक, लिंबू, पोटावर वर्तमानपत्र, सगळं करून झालेलं. मोटारीतही तेच. तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, थेट घाट चढून हरसूलच्या पलीकडे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथल्या शाळेत मास्तर होते; निवृत्त झाल्यावर तिथेच घर बांधून राहिले. आणि गंमत अशी की गाडी लागण्याचा हा वारसा दोघी बहिणींना सारखाच मिळालेला. त्यामुळे ही तिकडे जाऊ शकत नव्हती, ती इकडे येऊ शकत नव्हती. माझ्या मामाच्या, म्हणजे त्यांच्या भावाच्या, लग्नात भेटल्या होत्या, त्यानंतर नाही. मावशीची पत्रं काका लिहायचे, आईची मी. त्या वर्षीच्या पत्रात काकांनी लिहिलं होतं की मावशीचे गुडघे आता उंबऱ्यापर्यंतच नेतात आणि ती बहिणीचं नाव काढून चिडते. चिडते, हा शब्द आईने मला दोनदा वाचायला लावला.

पण मामाच्या स्कूटरवर मागे बसून आई आगाशीला जायची तेव्हा तिला काही होत नसे. तोंडावर वारा लागला की ती ठणठणीत. म्हणजे उघड्या गाडीवरूनच तिला बहिणीकडे नेणं शक्य होतं. इतका साधा हिशोब. मला वाटलं होतं, आता फक्त दुकानात जायचं.

तेव्हा बाजारात दोन टोकं होती. एकीकडे शंभर सीसीची गाडी, जी थेंबभर पेट्रोलवर वसईभर फिरेल, पण घाटात दोन माणसं बसली की धापा टाकेल. दुसरीकडे साडेतीनशेची ती जड, फटफट करणारी, जी डोंगरही ओढेल, पण आमच्या वाडीतल्या अरुंद बांधावर एकदा का कलंडली तर बावखलातून काढायला माणसं बोलवावी लागतील. मला मधलं काहीतरी हवं होतं. कच्च्या रस्त्यावर खालून आपटणार नाही इतकं उंच. एकट्याने उचलता येईल इतकं हलकं. खेडोपाडी पंक्चर निघेल अशी साधी चाकं. आणि लांबवर चालवून पाठ धरणार नाही अशी बैठक.

सावंत माझ्याच ऑफिसातला, मूळचा कोकणातला, राहायला नालासोपाऱ्याला. गाड्यांचा त्याला नाद. फोर्टच्या फुटपाथवरून जुनी परदेशी मासिकं आणायचा. वाळवंटातून धूळ उडवत जाणाऱ्या सडपातळ मोटरसायकली, बाजूला पेट्या, मागे गुंडाळलेला तंबू. ती चित्रं बघून माझ्याही मनात काहीतरी हलायचं, हे कबूल करतो. तो रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि फुलं निवडता निवडता म्हणाला, "बॉस, एकच गोष्ट लक्षात ठेव. लाइट वेट. घाटात गाडी पडली तर उचलणार कोण? तुझा बाप?" मग बाबांकडे लक्ष गेलं. "सॉरी हां, बाबा."

"उचलीन की," बाबा म्हणाले. "पण पडेल कशाला? मागे करंडीत वजन ठेवलं की गाडी जमीन धरते."

"करंडी? अहो, ही मोटरसायकल आहे, टेम्पो नाही!"

"मग टेम्पोच घ्या ना," शेजारच्या काकू म्हणाल्या. "सगळ्यांनाच जाता येईल."

मी डोळे मिटून घेतले. झेंडूचा वास डोक्यात चढला होता.

खरा पेच निराळाच होता. आई बसणार कशी? आमच्याकडे त्या वयाच्या बायका एका बाजूला पाय सोडूनच बसत. दुसरा काही प्रकार असू शकतो हे कुणाच्या मनातही येत नसे. आणि घाटासाठी, खड्ड्यांसाठी योग्य म्हणून मी जी जी गाडी पसंत करायचो, तिची सीट आईच्या कमरेच्या वर. ती चढणार कशी? आमच्या ओट्यावरून बसता येईल, हे मी ताडलं. ओट्याला गाडी लावायची, आईने सरळ ओट्यावरून सीटवर सरकायचं. म्हणून मी एका सुतळीने ओट्याची उंची मोजली, गाठ मारली आणि सुतळी खिशात घालून शोरूम पालथी घालू लागलो.

विरारच्या एका शोरूममध्ये मी सुतळी काढून सीटला लावली तेव्हा विकणारा मुलगा धावत आला.

"साहेब, काय करताय?"

"उंची बघतोय. हिचं वजन किती?"

"वजन? वजन कोण विचारतं साहेब? भंगारात घालायचीय का?"

सावंत हसून हसून बाहेर गेला. मला हसू आलं नाही. मी पदवीधर माणूस, खिशात सुतळी घेऊन, एका गाडीसमोर वाकून उभा. जी हलकी, ती बुटकी. जी उंच, ती जड. जी उंच आणि हलकी, ती मासिकात. शेवटच्या खेपेला आईलाच बरोबर नेलं. ती गप्पपणे सगळ्या गाड्यांभोवती फिरली. एका गाडीवर एक मुलगी बसून बघत होती, पंजाबी ड्रेस घातलेली, दोन्हीकडे पाय टाकून. आई तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत उभी होती. मला वाटलं, दमली.

अखेर दीडशे सीसीची एक नवी गाडी सापडली. सीट गाठीच्या जरा खाली. स्पोकची चाकं. मासिकातल्यासारखी नाही, पण त्या दिशेला तोंड करून उभी असलेली. पुढचं मडगार्ड सावंतने ओळखीच्या गॅरेजमध्ये वर उचलून दिलं, मागचे शॉक कडक केले. मी तिला वाडीच्या बांधावरून नेऊन आणली. ती एखाद्या शहाण्या गाईसारखी वळत होती. त्या संध्याकाळी मी मनातून सुखी होतो. एकच संध्याकाळ.

दसऱ्याला आईने तिला ओवाळलं. दुसऱ्या दिवसापासून घरच्यांनी तिला ओळखू येणार नाही असं करायला घेतलं. बाबांनी मागे लोखंडी कॅरिअर बसवलं. आईच्या पदरासाठी साडीगार्ड. माझ्या पायांसाठी लेगगार्ड. करंड्यांसाठी दोन्ही बाजूंना आकडे. आणि रस्त्यात ओटा कुठून आणणार, म्हणून बाबांनी रात्री जागून फणसाच्या लाकडाचा एक भक्कम पाट केला, आईला चढायला. त्यावर पाय घसरू नये म्हणून खाचा पाडल्या. फणसाचं लाकूड किती जड असतं हे ज्यांनी उचललंय त्यांनाच माहीत. तो पाट मागे बांधला तेव्हा गाडीचं पुढचं चाक थोडं विचारात पडल्यासारखं दिसलं.

सावंत आला, गाडीभोवती एक फेरी मारली. "हलकी गाडी घेतली होतीस ना रे? कुठाय ती?"

मी पाटाची दोरी आणखी आवळली. बाबांच्या बोटांना पाट करताना लागलेलं दिसत होतं.

आणि मग भेटी. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. वेलची केळ्यांच्या फण्या. सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. अळूची पानं ओल्या फडक्यात. दारावर येणारी अर्नाळ्याची मासेवाली, तिला कुणी सांगितलं कोण जाणे, सुक्या बोंबलांचं पुडकं घेऊन हजर. "तुझे भैनीला दे. डोंगरात पानी असंल, पन मावरा कुठशी खानार ती?" पैसे घेतले नाहीत. म्हणजे नाकारताही येईना. हे सगळं उजव्या बाजूच्या करंडीत, कारण आई डाव्या बाजूला पाय सोडून बसणार होती आणि तोल साधायला हवा होता. हे गणित मी शिकलेला असल्यामुळे मीच मांडलं होतं.

दिवस उजाडताना निघालो. आई ओट्यावरून सीटवर सरकली, पदर खोचला, माझा खांदा धरला. हायवेवर थंड वारा होता. मनोरला पोचेपर्यंत तिला काही झालं नव्हतं. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, "मळमळतंय का?" आणि ती म्हणत होती, "तू पुढे बघ." विक्रमगडकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, मधूनच कापणीला वाकलेली माणसं, उतारांवर नागली. जव्हारच्या चढाला गाडीने तक्रार केली नाही. दीडशे सीसीबद्दल मला अभिमान वाटला. पण प्रत्येक खड्ड्याला गाडी डावीकडे झुकत होती, मी उजवीकडे ओढत होतो, आणि करंडी तिचं स्वतःचंच काहीतरी करत होती. माझे खांदे दगड झाले होते.

मोखाड्याच्या पुढे एका जागी पावसाने मोरी वाहून नेलेली. रस्ता म्हणजे ओढ्याचं पात्र, सुटे गोटे, मधून पाण्याची धार. मी गाडी घातली. मध्यावर पुढचं चाक एका गोट्यावर चढलं, आईचं वजन डावीकडे, करंडी उजवीकडे, आणि शहाणी गाय दोन्हीकडे एकदम गेली. आई वेळेवर उडी मारून उतरली. गाडी मी कशीबशी धरून ठेवली. केळ्यांची एक फणी ओढ्यात. मी तिथेच उभा राहून ओरडलो. कुणावर ते माहीत नाही. पाटावर, आकड्यांवर, साडीगार्डवर, सगळ्या ओट्यावर.

गाडी पलीकडे नेऊन उभी केली. "थांब, पाट सोडतो," मी म्हणालो.

"राहू दे तुझा पाट. तोंड फिरव तिकडं."

"काय?"

"तिकडं बघ म्हटलं ना."

मी डोंगराकडे बघत राहिलो. मागे कापडाचा आवाज झाला. वळलो तेव्हा आईने साडीचा काष्टा मारला होता, घट्ट, जसा ती वाडीत पाटाचं पाणी फिरवताना मारते. फूटरेस्टवर पाय ठेवला, दुसरा पाय पलीकडे टाकला आणि सीटवर बसली. माडावर चढणाऱ्या माणसाच्या सहजतेने.

"चल."

"आई, लोक बघतील."

"इथं कोण आहे? आणि असलं तर माझ्या सासरचं आहे का?"

गाडी निघाली. पहिल्या वळणाला मला वाटलं, काहीतरी मागे पडलं, इतकी ती हलकी झाली होती. आईचं वजन बरोबर मध्ये. पुढे थांबून मी करंडीतलं अर्धं सामान फडक्यात बांधून डाव्या आकड्याला अडकवलं. मग आम्ही त्या घाटातून असे गेलो की मासिकातले लोक काय जातील.

"तुला असं बसता येतं, तर आधी का नाही बोललीस?" मी ओरडून विचारलं. वाऱ्यात ओरडावंच लागत होतं. "मी सुतळ्या घेऊन फिरलो! बाबांनी पाट केला!"

"बोलले असते तर तुझ्या बाबांनी गाडीच घेऊ दिली नसती."

शोरूममध्ये ती दमली नव्हती. ती शिकत होती.

मावशीच्या घरासमोर थांबलो तेव्हा ती चौकट धरून दारात उभी होती. आईला तसं बसलेलं बघून तिने चौकट आणखी घट्ट धरली. आई उतरून तिच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता रडतील. मावशी म्हणाली, "काष्टा सोड आधी, मग घरात ये." आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की काका डोळ्यांवरचा काळा चष्मा सांभाळत बाहेर आले, काय पडलं बघायला.

काकांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. दिवसभर थेंब घालायचे, चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही. मुलगी लांब, तिचं बाळंतपण तोंडावर. म्हणजे मावशी घरातून हलूच शकत नव्हती. दोन दिवस दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून होत्या. बोलण्यात सारखी माहेरची, आता मामाकडे असलेली वाडी. कोणत्या वाफ्यात काय, तिथल्या बावखलाच्या काठचा चाफा आहे का, भाऊ नीट बघतो का. आई एकेक सांगत होती आणि मावशी प्रत्येकावर संशय घेत होती. "तू सांगतेस खरं," ती म्हणायची, "पण तुझ्या डोळ्यांना काय दिसतं?"

तिसऱ्या सकाळी मी निघायची तयारी करत होतो. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हिला ने."

"कुणाला?"

"ताईला. मी थांबते इथं. काकांचे थेंब मी घालीन. तिला वाडी बघून येऊ दे. मग तिला घेऊन ये आणि मला ने."

इतकी वर्षं एकमेकींसाठी झुरलेल्या या दोघी. त्यांना भेटवायला म्हणून मी ओट्यावरची भांडणं सोसली, सुतळी खिशात घालून हसं करून घेतलं. आणि आता त्यांना पुन्हा दोन गावांत ठेवायचं? "आई, अजून चार दिवस एकत्र राहा की! नंतर बघू!"

"नंतर कधी?" आई म्हणाली.

काका म्हणाले, "अहो, पण तिचे गुडघे..."

"गुडघे गाडीला लावायचेत, जमिनीला नाही," मावशी आतून ओरडली. तिचा काष्टा तयार होता. "हिला जमतं, मग मला काय धाड भरलीय?"

अजूनही रस्त्यात उभी मोठी मोटरसायकल दिसली की मी मनात मोजतो. शंभरची, दीडशेची, साडेतीनशेची. या सगळ्या कंपन्यांनी इतकी डोकी लावली, इतकं लोखंड वितळवलं, पण एका माणसाला दोन म्हाताऱ्या बहिणींना एकत्र घेऊन घाट उतरता येईल असं काही त्यांना सुचलं नाही. हलकी हवी की जड हवी, याच्यावरच सगळे अडून बसले आहेत. भाच्याला मी हेच सांगायला हवं होतं. पण हे त्याच्या कागदात कुठे बसलं असतं?

मावशीला घेऊन मी उतरलो. तिलाही मळमळलं नाही. जव्हारला चहा घेतला, मनोरला चिकूचा रस. मग हायवे सोडला. खारट वारा लागू लागला तसा तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की संध्याकाळी वळ उठलेले दिसले. आठवडाभर ती मामाकडे राहिली. मग परत तोच घाट, परत तीच वाहून गेलेली मोरी. तिला तिच्या दारात उतरवलं. ती काकांची औषधं तपासायला सरळ आत गेली. दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायला अंगणातली चार मिनिटंच मिळाली, आणि त्यातही आई तिला डबे कुठे ठेवलेत ते सांगत होती.

मग आई माझ्या मागे बसली. घर वळणापलीकडे दिसेनासं झालं. मी म्हटलं, आता तरी रडेल.

"बावखलापाशी गेली का ती?" तिने विचारलं.

"गेली. पाण्यात पाय सोडून बसली होती बराच वेळ."

"रडली का?"

"नाही. भांडली."

"कुणाशी?"

"मामाशी. जास्वंदीचं कुंपण तोडून तारेचं घातलं म्हणून. जेवलीसुद्धा नाही दुपारी."

आईने माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं.

"मग बरी आहे," ती म्हणाली. "चल, जरा जोरात घे."